मामाच्या डोक्यावरची कॉइल

मामाने आयुष्यभर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधे मोटर रिवाइंडिंग केलं, त्यामुळे डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा 'मोटर न्यूरॉन डिसीज' (स्नायू हलवणाऱ्या नसांच्या पेशी मरत जाण्याचा आजार) ऐकलं तेव्हा हा पठ्ठ्या चक्क हसला, म्हणे मोटरचंच काम असेल तर मीच करतो की. मामी तिथेच रडायला लागली.

सुरुवात किल्लीपासून झाली. नौपाड्यातल्या घराचं लॅच उजव्या हाताने फिरेना, मग शर्टाचं वरचं बटण लागेना. वय 61, त्यामुळे सगळे म्हणाले मान असेल. एमआरआय काढला, मणक्याची चकती सरकलेली दिसली (या वयात कोणाची सरकलेली नसते सांगा), पट्टा झाला, ट्रॅक्शन झालं, आठ महिने गेले आणि एका सर्जनने ऑपरेशनची तारीखपण देऊन टाकली. माझा अजून त्या तारखेवर राग आहे.

ऑपरेशनच्या आधी एकदा दाखवू म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि मामाचा पंजा उजेडात धरला. अंगठ्याकडचा गादीसारखा भाग आत खचलेला आणि करंगळीकडचा बऱ्यापैकी भरलेला, आम्ही आठ महिने रोज तो हात बघत होतो आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय हात एवढा वाळलेला असून हातोडी मारली की चांगला उसळत होता.

त्यांनी समजावलं ते असं की मेंदूपासून स्नायूपर्यंत दोन वायरी असतात, एक मेंदू ते मज्जारज्जू आणि दुसरी तिथून स्नायूपर्यंत, आणि या आजारात दोन्ही जातात. दुसरी वायर सुयांच्या टेस्टमधे म्हणजे ईएमजीत सापडते. पहिलीसाठी हातोडी आणि डॉक्टरचा डोळा, आणि स्नायू फारच वाळला तर हातोडीलाही काही कळत नाही. म्हणून टीएमएस, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून चुंबकाने मेंदूला बाहेरूनच टक् द्यायचा. डिप्रेशनसाठी वापरतात तेच तंत्र, फक्त इथे उपचारासाठी नाही, मोजण्यासाठी.

टाऊनकडे, म्हणजे दक्षिण मुंबईत जाऊन टेस्ट केली. पेसमेकर, कानातलं मशीन, डोक्यात धातू, कधी फिट आली होती का, सगळं विचारून झालं आणि मग टेक्निशियनने आठच्या आकड्यासारखी कॉइल मामाच्या डोक्यावर धरली. मामाचे डोळे चमकले. करंट झटक्यात बदलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्याने शेजारच्या कंडक्टरमधे करंट तयार होतो, हे फॅरेडेने 1831 मधे दाखवलं आणि मामाने त्यावर घर चालवलं. फक्त इथे कंडक्टर मेंदू. माणसाच्या मेंदूवर असं पहिल्यांदा 1985 मधे शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी केलं.

टक् असा आवाज झाला आणि मामाचा अंगठा उडाला. तोच, ज्याने किल्ली फिरत नव्हती. "ए अगं, हा हलतोय की!" मला काय बोलावं सुचेना.

डोक्यावर टक् केल्यापासून हाताचा स्नायू हलेपर्यंत एरवी साधारण 20 मिलीसेकंद लागतात. मग मानेवर टक् करून तो वेळ वजा करायचा, उरतो पहिल्या वायरीचा वेळ. पण गोची अशी की मानेत मज्जारज्जू दबला असला तरी हा वेळ वाढतो, म्हणजे आमचा प्रश्न तिथेच. म्हणून डॉक्टरांनी जिभेवरूनही मोजायला सांगितलं होतं. जिभेची नस मानेच्या मणक्यांच्या वरून निघते, तिथे गडबड दिसली तर त्याचं खापर चकतीवर फोडता येत नाही. गडबड दिसली.

याच्या पुढची पद्धत सिडनीतल्या लोकांनी विकसित केलीये. दोन टक् लागोपाठ द्यायचे, पहिला हलका. निरोगी मेंदूत हलका टक् दुसऱ्याला ब्रेक लावतो, या आजारात तो ब्रेक बऱ्याचदा लवकरच सुटतो. त्यांच्या 2015 च्या अभ्यासात आजार असलेल्या दर 100 पैकी साधारण 73 जण यात सापडले आणि दुसराच आजार असलेल्यांपैकी साधारण 81 टक्के बरोबर बाजूला काढता आले. म्हणजे एकट्या या टेस्टवर निकाल लावता येत नाही, आमच्या डॉक्टरांनीही सुया, हातोडी, जीभ सगळं जोडून मगच सांगितलं.

ऑपरेशन रद्द झालं. रिल्युझोल चालू आहे, दिवसातून दोनदा, त्याने आजार बरा होत नाही, थोडे महिने मिळतात. मग लवकर कळून काय मिळवलं असं मामीने विचारलं, मी म्हटलं निदान मान कापली नाही. ती काही बोलली नाही.

कॉइलला वेढे किती हे मामाने टेक्निशियनला दोनदा विचारलं, त्याला माहीत नव्हतं, त्यावर मामा अजून धुसफुसतोय. लॅच काढून दाबायच्या दांडीचं कुलूप बसवलंय. माझा भाऊ स्क्रू फिरवत होता आणि मामा शेजारी स्टुलावर बसून, अरे गाढवा, उलटा फिरवतोयस.