हेडनोटवर सही कोणाची?

निकाल न्यायमूर्तींचा असतो, पण वकील वाचतो ती हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेलं चार ओळींचं सार. निदान आमच्या नागपूरच्या बार रूममध्ये मी हेच पाहत आले आहे. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, मॅटर वर सरकलं की ज्युनियर धावत निकालांचा व्हॉल्यूम आणायचा. आता मोबाईल उघडतो. वरच्या चार ओळींवर नजर टाकतो आणि सीनियरच्या कानाशी लागतो. खालची साठ पानं कोणी उघडलीच तर समोरचा वकील उघडतो, तेही अडचणीत आला तर.

त्या चार ओळी लिहिणं हा माझा धंदा आहे. प्रॅक्टिस कमी केल्यापासून एका लॉ जर्नलसाठी आणि त्याच्या ऑनलाइन आवृत्तीसाठी घरी बसून हेडनोट्स लिहिते, नगावर पैसे. नागपूरकरांना यात अप्रूप वाटायचं कारण नाही. कोर्टांचे निकाल छापणारं ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) इथलंच, त्यात १९१४ पासूनचे निकाल सापडतात. मुंबईत त्याही आधी, १८९९ मध्ये, रतनलाल आणि धीरजलाल या जोडीनं बॉम्बे लॉ रिपोर्टर सुरू केला. या दोघांची नावं आजही प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतात. आतल्या हेडनोट्स ज्यांनी लिहिल्या त्यांची मात्र कोणालाच ठाऊक नाहीत.

काम असं चालतं. निकालाची पीडीएफ येते. मी आधी शेवटचा आदेश वाचते, मग मुद्दे, मग वस्तुस्थिती, आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सगळ्यात शेवटी. न्यायमूर्तींनी जाता जाता म्हटलेलं काय आणि निकाल ज्यावर उभा आहे ते काय, हे वेगळं काढायचं. ही खरी मेहनत. मग कायद्याचं कलम, कॅचवर्ड्स (विषय सांगणारे मोजके शब्द), दोन-तीन वाक्यांत सार आणि कंसात पॅरा क्रमांक. पॅरा क्रमांकाशिवाय हेडनोट मी देत नाही. कोर्टात "पॅरा कुठला?" हा प्रश्न येतोच, आणि तेव्हा वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मागच्या पावसाळ्यात विलंब माफीचा एक निकाल आला. अपील दाखल करायला वर्षाहून जास्त उशीर झालेला. कारण असं की पक्षकाराचे वकील वारले आणि फाइल त्यांच्या घरी गठ्ठ्यात पडून राहिली. घरच्यांनी ती शोधून दिली तेव्हा पक्षकाराला आपण हरल्याचं कळलं. न्यायमूर्तींनी लिमिटेशन ॲक्टच्या कलम ५ खाली उशीर माफ केला, पण स्पष्ट लिहिलं की हे या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरतं आहे, दाखला म्हणून वापरू नये. मी हेडनोट लिहिली (मूळ इंग्रजीत, इथं मराठीत देते): "वकिलाचा मृत्यू व फाइल न सापडणे – या प्रकरणाच्या वस्तुस्थितीत पुरेसे कारण – विलंब माफ."

ऑनलाइन आली ती अशी: "वकिलाचा मृत्यू हे विलंब माफीसाठी पुरेसे कारण आहे." वर मथळा, "हायकोर्टाचा महत्त्वाचा निर्वाळा".

मी फोन केला. ऑफिसातला मुलगा म्हणाला, "मॅडम, सर म्हणून राहिले का लांब हेडनोट कोणी वाचत नाही." मग सर, म्हणजे संपादक, स्वतः आले फोनवर. "अहो ताई, वकिलाला नियम पाहिजे असतो. वस्तुस्थिती त्याच्याकडे त्याची स्वतःची असतेच."

वाक्य झकास आहे, कबूल. पण "या प्रकरणाच्या वस्तुस्थितीत" हे शब्द गेले की एका पक्षकाराला मिळालेली सवलत अख्ख्या राज्याचा कायदा होऊन बसते. न्यायमूर्तींनी जे होऊ नये म्हणून आवर्जून वाक्य लिहिलं, तेच संपादकाच्या एका खोडण्यानं झालं.

संपादकानं हातच लावू नये असं माझं म्हणणं नाही. संपादनाला किंमत आहे, हे सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, १२ डिसेंबर २००७. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीचं 'सुप्रीम कोर्ट केसेस' हे निकालांचं प्रकाशन घराघरात, म्हणजे वकिलांच्या घरात. काही कंपन्यांनी निकालांच्या सीडी बाजारात आणल्या आणि आपलं संपादन उचललं म्हणून प्रकाशक कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, तो कोणीही छापावा. स्पेलिंग सुधारली, सायटेशन (दुसऱ्या निकालाचा संदर्भ) पूर्ण केलं, एवढ्यानं कॉपीराइट मिळत नाही; नुसता घाम गाळून भागत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते. पण परिच्छेद कुठे तोडायचा, त्यांना क्रमांक कसे द्यायचे, कोणता न्यायमूर्ती सहमत आणि कोणता अंशतः सहमत हे दाखवायचं, याला कायद्याची जाण लागते. ते काम प्रकाशकाचं. सीडीवाल्यांना हेडनोट्स हव्या असतील तर त्यांनी स्वतःच्या लिहाव्यात.

परिच्छेद तोडण्यालाही कोर्टानं मान दिला याचा मला फार आनंद आहे. हे काम किती नाजूक असतं ते करणाऱ्यालाच कळतं.

अमेरिकेतही हाच वाद एआयच्या निमित्तानं आला. थॉमसन रॉयटर्सच्या वेस्टलॉ या निकालांच्या ऑनलाइन संग्रहातल्या हेडनोट्सच्या आधारे रॉस इंटेलिजन्सनं आपलं कायदेशोधाचं यंत्र शिकवलं. ११ फेब्रुवारी २०२५ ला डेलावेअरच्या कोर्टात न्यायाधीश बिबास यांनी २,२४३ हेडनोट्सच्या बाबतीत रॉसनं हक्काचा भंग केला असं ठरवलं. पुढे अपील आलंच.

म्हणजे हेडनोट कोणाच्या मालकीची यावर दोन्ही देशांत पानंच्या पानं लिहून झाली. ती चुकीची छापली तर जाब कोणी द्यायचा, हा प्रश्न या खटल्यांत कोणी विचारलाच नव्हता. छापणारा म्हणतो, हेडनोट हा निकालाचा भाग नाही, मूळ निकाल वाचा. बरोबरच आहे. पण मग चार ओळींसाठी वर्गणी कशाची घेता?

माझ्यापुरतं मी कॉपीराइट ॲक्ट काढून बसले. पगारी नोकर असते तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक प्रकाशकच. मी नगावर काम करते, म्हणून सगळं प्रकाशकाशी झालेल्या एका पानाच्या करारपत्रावर येतं. त्यात "सर्व हक्क प्रकाशकाकडे" एवढंच लिहिलंय, मुदत नाही, प्रदेश नाही. कलम १९ म्हणतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरा, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क पार विकून टाकले तरी कलम ५७ उरतंच: लेखकाला आपलं नाव सांगता येतं आणि अब्रूला बाध येईल अशी मोडतोड अडवता येते. आता माझं नाव कुठे छापतच नाहीत, तेव्हा अब्रू कोणाची गेली म्हणायची, हा युक्तिवाद समोरचा करणारच. मीही केला असता.

कोर्टात जायचा विचार नाही, सरांशी माझं भांडणही नाही. ते दिवाळीला अंक आणि चिवडा दोन्ही पाठवतात. नवीन पत्रात फक्त दोन अटी घातल्या आहेत. पॅरा क्रमांक काढायचा नाही, आणि बदललेली हेडनोट चढवण्याआधी मला दाखवायची. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर म्हणाले, "रोज एवढे निकाल येतात ताई, कुठे दाखवत बसू?" मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर टाका, पाच मिनिटांत उत्तर देते. हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की बघू, म्हणालेत. तोवर त्या विलंब माफीच्या निकालाची मूळ पीडीएफ मागितली तर मी पाठवते, पॅरा क्रमांकासकट.