समजलं ना, आजी?

"समजलं ना, आजी?"
"हो, समजलं."

इन्सुलिन पेन, म्हणजे मधुमेहाचं पेनासारखं इंजेक्शन, शिकवणं चार मिनिटांत आटोपलं. तेवढ्यात नर्स म्हणाली, "आता तुम्ही करून दाखवा बघू." आजींनी बाहेरचं टोपण काढलं, डोसचा आकडा बरोबर १२ वर आणला, पेन टेकवलं, बटण दाबलं. सुईवरचं आतलं टोपण तसंच!

घरी रोज हेच झालं असतं तर औषध अंगात गेलंच नसतं. साखर चढली असती आणि पुढच्या खेपेला डोस वाढला असता. मग कधीतरी कुणी टोपण काढून दिलं की एकदम साखर उतरणार.

यात आजींची चूक कसली? मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते बारीक टोपण म्हणजेच सुई वाटणार.

एका बैठकीत दोन-तीनच गोष्टी शिकवाव्यात. आधी दोन्ही टोपणं, मग २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का ते बघणं. ते हाताला बसलं की पुढचं: बटण पूर्ण दाबून, सुई आत ठेवूनच मोठ्याने दहापर्यंत मोजणं. कागद द्यायचा तर ठळक, मोठी काळी अक्षरं, पांढऱ्यावर. निळ्यावर हिरवं नकोच, डोळ्याच्या पिवळसर झालेल्या भिंगातून ते एकच दिसतं. आणि ओरडू नका हो! वयात आधी उंच पट्टीचेच आवाज जातात. समोर बसून, खालच्या पट्टीत, सावकाश बोला.

शेवटी विचारा, "घरी सुनेला कसं सांगाल?"

"समजलं ना?" ला "नाही" म्हणणारी आजी तुम्ही कधी पाहिलीय?