स्पितीत सायकल: गाड्या कुठे नसतात आणि तिथे काय लागतं

मुंबईतून हिमालयात सायकल न्यायची म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव मनाली-लेहचं येतं. रस्ता देखणा आहे, वादच नाही. पण त्यावर लष्कराचे ताफे, इंधनाचे टँकर आणि बुलेटवाल्यांच्या टोळ्या एकामागून एक असतात. साडेचार हजार मीटरवर डिझेलचा धूरच खायचा असेल तर घोडबंदर रोड काय वाईट आहे? शांत रस्ता हवा असेल तर हिमाचलमधल्या स्पितीला जा. तेही शेजारच्या किन्नौरकडून आत शिरून, आणि जमेल तिथे मुख्य रस्ता सोडून.

मुख्य रस्ता सोडून, कारण काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला, टॅक्सीने येणारे आता स्पितीतही कमी नाहीत. नकाशावर जो रस्ता एखाद्या गावात जाऊन संपतो, तो निवडावा. आरपार जाता येत नसेल तर ट्रक तिकडे वळत नाही. पिन खोरं हे याचं उत्तम उदाहरण. ताबोहून काझाकडे जाताना अत्तरगूला पूल ओलांडून डावीकडे वळायचं, मग गुलिंग, सगनम करत तीसेक किलोमीटरवर मुद. तिथे रस्ता संपतो, पुढे फक्त ट्रेकच्या वाटा. गावकऱ्यांची एखादी पिकअप आणि दिवसातली बस सोडली तर चाकाखालच्या खडीचाच काय तो आवाज.

लांगझा, हिक्किम, कोमिक हा पट्टा मात्र फोटोंमुळे फार बोकाळलाय. तिथे वेळ साधावी लागते. काझातल्या टॅक्सी नाश्ता करून नऊ-दहाला निघतात आणि चारपर्यंत परततात. म्हणून उंची अंगवळणी पडली की मुक्काम काझात न करता वरच्या गावात करायचा. सकाळी सहा ते दहा सगळा रस्ता तुमचा. किब्बरहून २०१७ साली झालेल्या पुलावरून चिचमला जाऊन पुढे लोसरच्या रस्त्याला लागता येतं. काझाहून नदीकाठाने सरळ जाण्यापेक्षा ही वाट दमवणारी, पण कितीतरी निवांत.

दिवस कोणते? मुंबईकरांना सोपं सांगायचं तर बाप्पाला निरोप दिला की निघा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी कोसळतात आणि रस्ता दोन-दोन दिवस बंद राहतो. स्पिती स्वतः पर्जन्यछायेत आहे, पण तिथे पोचायचं तर किन्नौर पार करावाच लागतो. सप्टेंबरअखेर बर्फ वितळणं मंदावतं, त्यामुळे नाल्यांचं पाणीही उतरतं. बदल्यात रात्री पारा शून्याखाली जातो. पाणी गाळायचा पोकळ तंतूंचा फिल्टर नेत असाल तर तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. एकदा आत पाणी गोठलं की तंतू फुटतात, वरून काही दिसत नाही आणि फिल्टर निकामी झालेला असतो.

आता उंची. आपण समुद्रसपाटीवरची माणसं. ४,००० मीटरवर हवेचा दाब मुंबईच्या साधारण ६० टक्के असतो, आणि कितीही फिट असलात तरी त्यातून सुटका नाही. उलट फिट माणूसच जास्त अडकतो, कारण पाय चालतात म्हणून तो भराभर चढतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर आराम. मनालीहून कुंझुम खिंडीतून आत शिरलात तर हे गणित बसतच नाही. किन्नौरकडून बसतं. रेकाँग पिओ २,२९० मीटर, त्याच्या वरचं कल्पा २,९६० मीटर. कल्पाला दोन रात्री काढा. पुढे नाको ३,६६० मीटर. कल्पाहून येऊन थेट तिथे झोपणं म्हणजे ७०० मीटरची उडी. खाबच्या संगमापासून नाकोपर्यंत हजार मीटरहून जास्त चढ आहे, तो चढा, नाकोत जेवा, आणि मलिंगचा दरडीचा पट्टा ओलांडून खाली चांगोला झोपा. एका दिवसात हे होणार नाही, कल्पा आणि नाकोच्या मध्ये पूह किंवा स्पिलोला एक मुक्काम धरा.

डोकं दुखतंय आणि जेवण जात नाही, एवढंच असेल तर आणखी वर जाऊ नका, तिथेच थांबा. टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत दहा पावलं चालता आलं नाही, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो वा दिवस, खाली उतरायचं. सायकल मागे राहिली तर राहू दे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे मुंबईत डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

गिअरबद्दल दुकानात जे सांगतात ते बहुधा मुंबई-लोणावळ्यासाठी असतं. हिशोब करून बघा. माणूस ६८ किलो, सायकल १४, सामान १८, म्हणजे एकूण १०० किलो. समोर आठ टक्क्यांचा खडीचा चढ. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असतील तर पॅडल मिनिटाला ६० वेळा फिरवताना वेग होतो सुमारे आठ किलोमीटर, आणि त्याला लागतात २०० वॅट. हे मुंबईत तासभर जमेल, ४,००० मीटरवर तासन्‌तास जमणार नाही. पुढे २६ आणि मागे ३६ केलं तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग पावणेसहा आणि ताकद १५० वॅटच्या आत. म्हणजे सगळ्यात हलका गिअर (पुढचे दात भागिले मागचे) एकपेक्षा बराच खाली, शक्यतो पाऊणच्या आसपास हवा. रोड बाइकवर हे बसत नाही. पुढे तीन चकत्यांची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) यासाठी अजूनही अव्वल आहे, ती भंगारात काढू नका.

टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद. १०० किलोला मागे ३५ आणि पुढे २८ पीएसआयच्या आसपास हवा पुरे. पंप बरोबर हवाच, कारण मुंबईत भरलेला दाब वर जसाच्या तसा राहत नाही. बाहेरचा दाब उतरल्याने गेज चार हजार मीटरवर पाच-साडेपाच पीएसआय जास्त दाखवतो, आणि पहाटेच्या थंडीने त्यातले चारेक कमी होतात. दुपारी ऊन लागलं की टायर पुन्हा कडक. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा गेज वापरा.

तंबू आणि स्टोव्ह घरी ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. जवळपास प्रत्येक गावात होमस्टे आहे, थुक्पा किंवा डाळ-भात मिळतो, आणि तीन-चार किलो वाचतात. गॅसची नळकांडी तर ना विमानात नेता येत ना रेल्वेत. त्या वजनात एक जाड स्लीपिंग बॅग न्या. रोख रक्कमही न्या, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं.

सुट्या भागांत सगळ्यात महत्त्वाचा आहे डिरेलर हँगर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा. फ्रेमला मागे लावलेला हा अंगठ्याएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मुद्दाम मऊ केलेला असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. बसच्या टपावर सायकल आडवी पडली की आधी हाच वाकतो. मग हलक्या गिअरला साखळी घसरते आणि डिरेलर स्पोकमध्ये ओढला जातो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, त्यामुळे काझात मिळेल ही आशा सोडा. दोन न्या. त्याबरोबर तुमच्या साखळीच्या स्पीडचे क्विक लिंक (साखळी जोडायच्या कड्या) दोन, मागच्या चाकाच्या कॅसेटकडच्या (दातांच्या चकत्यांच्या बाजूच्या) मापाचे तीन स्पोक, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, दोन ट्यूब, गिअरची एक केबल, रॅकचे एम-५ बोल्ट आणि मूठभर झिप टाय. कॅसेटकडचा स्पोक बदलायचा तर आधी कॅसेट काढावी लागते. ते हत्यार नसेल तर सुटे स्पोक नुसतं ओझं. रॅकचे बोल्ट खडीच्या थरथरीने सैल होतात, त्यांना निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा आणि रोज सकाळी हात फिरवून बघा.

मुंबईच्या सायकलींचं एक खास दुखणं आहे, ते निघायच्या दोन आठवडे आधी तपासा. खारी हवा आणि घाम यांनी सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, फ्रेममध्ये चिकटून बसतो. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट असेल तर हमखास. खोक्यात भरताना तो निघाला नाही तर सगळं पॅकिंग अडतं. काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. पॅडलचंही तसंच. डावं पॅडल उलट आट्याचं असतं. दोन्ही पॅडल सायकलच्या मागच्या दिशेला फिरवली की सुटतात, एवढं लक्षात ठेवा. पावसाळ्यात वापरलेलं जाड तेल साखळीवरून पूर्ण धुऊन काढा. स्पितीची बारीक धूळ त्यात बसून पॉलिश पेपरसारखी साखळी आणि दात खाते. तिथे कोरडं किंवा मेणाचं वंगण, तेही पुसून.

सरावाला कान्हेरीचा चढ रोजच्यासाठी ठीक, पण निदान एकदा तरी पूर्ण सामान लादून भंडारदऱ्याला घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फेरा मारा. रॅक कुठे घासतो, पॅनियर (रॅकला टांगलेली बॅग) टाचेला लागते का, हे तिथेच कळतं.

नेताना सायकल स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ‘लगेज’ म्हणून बुक करा, तिकीट दाखवून. मग ती तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये येते. ‘पार्सल’ म्हणून टाकली तर मागून कधीतरी. वांद्रे टर्मिनसहून अंबाल्यापर्यंत थेट गाडी आहे. शिमला ते रामपूर हा ट्रकांचा रस्ता बसनेच उरकावा आणि रेकाँग पिओहून पॅडल मारायला लागावं. चाकं काढली असतील तर हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घाला. प्रवासात चुकून लीव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि मग रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, आत शिरत नाही.

परतीला लोसरहून कुंझुम ला, ४,५५१ मीटर, आणि तिथून बातल. बातल ते ग्रांफू हे पन्नासेक किलोमीटर रस्ता म्हणण्यापेक्षा नदीचं पात्रच आहे. नाले सकाळी दहाच्या आत ओलांडा. दुपारी वरच्या हिमनद्या वितळतात आणि सकाळी पोटरीपर्यंत असलेलं पाणी मांडीला लागतं. आधी पॅनियर काढून पलीकडे ठेवून या, मग सायकल न्या. सँडल घाला, अनवाणी नको, तळाचे गोटे दिसत नाहीत. सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा. वरच्या अंगाला धरली तर पाणी तीच तुमच्या पायांवर ढकलतं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, वर पाणी असेल तर सायकल उचलूनच न्या, नाहीतर बेअरिंगचं ग्रीस जाऊन रेती आत बसते. मुक्कामी पोचल्यावर पॅड काढून त्यातला गाळ धुवा.

ग्रांफूहून रोहतांग, ३,९७८ मीटर. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलची रहदारी खालून जाते, त्यामुळे या बाजूचा चढ आता बराच मोकळा मिळतो. पलीकडे मात्र पर्यटकांच्या गाड्या आणि मनालीपर्यंत पन्नास किलोमीटरचा, जवळपास १,९०० मीटरचा उतार. निघण्यापूर्वी पॅड बघा, मसाला एक मिलिमीटरहून कमी राहिला असेल तर तिथेच बदला. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी दोन्ही जोरात दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा. जळका वास आला किंवा लीव्हर मऊ लागला तर थांबा. मढीला ढाबे आहेत, चहा होईपर्यंत रोटर निवतो. घाई म्हणून त्यावर पाणी मात्र ओतू नका, तो वाकडा होतो.