वसईच्या किल्ल्यात एकटीने, दहा सेकंदांच्या टायमरवर

परवा पहाटेची विरार लोकल पकडून वसईला उतरले, वेस्टला रिक्षा केली आणि सातच्या आत किल्ल्यात. एवढी घाई कशाला, तर ऊन वर आलं की प्री-वेडिंगवाले ते लांबलचक गाऊन घेऊन येतात आणि मग एक कमान मोकळी सापडत नाही.

मला स्वतःचेच फोटो काढायचे होते, तेही मीच. कुणी कॅमेरा धरला की मी आपोआप गोड हसते, ऑपरेशननंतरच्या फोटोतसुद्धा हसलेय, आता बघवत नाही. पडक्या जागेत कुणासाठी हसायचं! पोर्तुगीजांनी दोनेकशे वर्षं नांदवलेला हा किल्ला 1739 ला चिमाजी अप्पांनी घेतला, आता चर्चेसची छपरं गेलीयेत, भिंतींतून झाडं आलीयेत. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पायाखाली कोरीव अक्षरांच्या फरशा दिसतील, त्या कबरी आहेत, त्यांच्यावर सामान मांडू नका प्लीज.

ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मी किलोभर तांदूळ कापडी पिशवीत भरून नेले, खाली पडलेल्या दगडावर पिशवी ठेवायची आणि कॅमेरा तिच्यात रुतवायचा, मस्त बसतो. जिथे उभं राहणार तिथे पाण्याची बाटली ठेवून फोकस घ्या, मग फोकस मॅन्युअलला टाका म्हणजे तो तिथेच राहतो, आणि बाटली उचला!! माझ्या पहिल्या अकरा फोटोंत ती आहे. सावलीत आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, एफ (लेन्सचं छिद्र) 16, शटर अर्धा सेकंद उघडं, म्हणजे हललात की धूसर व्हाल आणि भिंत तेवढी शार्प येईल. 1970च्या दशकात अमेरिकेत फ्रान्सेस्का वुडमन नावाची मुलगी ओसाड घरांत असेच स्वतःचे फोटो काढायची.

एकदा टायमर लावून पळाले तर ओढणी घाणेरीच्या काट्यांत अडकली, ती सोडवतानाच क्लिक झालं. तोंडाच्या जागी नुसता करडा फराटा, पण काट्याला धरलेली बोटं स्वच्छ आलीयेत. हसायला वेळच मिळाला नव्हता. हा फोटो ठेवलाय.

फिरायला आलेले एक काका दोनदा विचारून गेले, "बेटा, मी काढून देऊ का?" नको म्हटल्यावर जरा खट्टूच झाले. एकट्या मुलींनो, आतल्या बाजूला झाडीत जाताना घरी लोकेशन पाठवून ठेवा, बूट घाला, भिंतींवर चढू नका, दगड सुटे आहेत. आणि ओडोमॉस न्या, डास भयंकर.

तांदळाची रात्री खिचडी लावली, दोनदा धुऊनही जरा कचकच लागलीच.