तुम्ही विचारलंत म्हणून: एका छोट्या रेकॉर्डला एवढे पैसे का?

घरी कोणी आलं आणि कपाटातल्या सात इंची रेकॉर्ड्स दिसल्या की हा प्रश्न येतोच. पुण्याहून आलेले नातेवाईक तर हमखास विचारतात, "हेच गाणं फोनवर फुकट मिळतं ना? मग तबकडीला एवढे पैसे कशाला?" चहा होईपर्यंत सांगून संपेल असं हे उत्तर नाही, म्हणून आज लिहूनच काढतो.

मी जमवतो ती साठच्या दशकातली अमेरिकन सोल संगीताची, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय गायकांच्या गाण्यांची सिंगल्स (दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड्स), आणि त्यातलीही पडलेली, म्हणजे तेव्हा न चाललेली. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं नाव झालं तसं डेट्रॉइटमध्ये, शिकागोत, फिलाडेल्फियात छोट्या कंपन्यांचं पेवच फुटलं. गायक एकाहून एक. डेट्रॉइटमध्ये तर कधीकधी वादकही मोटाउनचेच, मालकाला न सांगता बाहेर वाजवायला आलेले. पण गाणं रेडिओपर्यंत पोचवायला पैसा लागतो, तो नव्हता. थोड्या प्रती छापायच्या, काही रेडिओ स्टेशनांना पाठवायच्या. नाही वाजलं तर बाकीचा माल गोदामात, नाहीतर भंगारात. गाणं वाईट होतं म्हणून पडलं, असं नव्हे. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' 1965 मध्ये रेकॉर्डच्या मागच्या बाजूला निघालं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेच गाणं सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीने 1981 मध्ये गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

मधल्या काळात ते जपलं उत्तर आणि मध्य इंग्लंडने. मँचेस्टर, स्टोक, ब्लॅकपूल, विगन या भागातल्या पोरांना नाचायला 1965-66 चाच वेगवान ठेका हवा होता. अमेरिका तोवर फंक या वेगळ्या ठेक्याच्या संगीताकडे वळली होती, म्हणजे तसं नवीन काही निघणार नव्हतं. मग जुन्यातच शोधाशोध सुरू झाली. डेव्ह गॉडिन यांचं लंडनमध्ये रेकॉर्डचं दुकान होतं. उत्तरेकडून येणारी गिऱ्हाइकं काय मागतात हे पाहून त्यांनी या संगीताला 'नॉर्दर्न सोल' म्हटलं, आणि तेच नाव रूढ झालं. 1973 ते 1981 विगन कसिनो या क्लबात रात्रभर नाच चाले. डीजेंमध्ये इतकी चुरस, की आपली रेकॉर्ड कोणती हे कळू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवून गायकाचं खोटंच नाव सांगत.

फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू' असंच 'एडी फॉस्टर'च्या नावाने वाजलं. मोटाउनने 1965 मध्ये त्याच्या नमुना प्रती काढल्या, पण बाजारात आणलंच नाही. बहुतेक प्रती नष्ट झाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. त्यातली एक 2009 मध्ये पंचवीस हजार पौंडांवर गेली, 2020 मध्ये एक लाखाला. अर्थात माझ्या कपाटात तसलं काही नाही.

पण मला विचाराल तर मजा पैशात नाही, पारखण्यात आहे. रेकॉर्ड हातात आली की मी आधी लेबल बघतच नाही. दिव्याखाली तिरकी धरतो आणि गाणं संपतं तिथून लेबलापर्यंतचा गुळगुळीत पट्टा वाचतो. तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या छपाईचा ओळख क्रमांक असतो. अस्सल प्रतीवर तो यंत्राने ठोकलेला आहे असं माहीत असेल आणि हातातल्या प्रतीवर सुईने खरवडलेला दिसला, तर समजायचं की माल नकली. सत्तरच्या दशकात अशा नकला भरपूर निघाल्या. मग काठावर नखाने हलकेच टिचकी. रेकॉर्ड दोन प्रकारच्या प्लास्टिकची असते: व्हायनिलचा आवाज बद्द येतो, स्टायरीनचा कडक. अमेरिकेत कितीतरी सिंगल्स स्टायरीनची निघाली आणि स्टायरीन बोथट सुईखाली फार लवकर खराब होतं. गाण्याच्या मागे सतत खरखर येते ती बहुधा त्यामुळेच. धूळ पुसता येते, ही खरखर पुसता येत नाही. म्हणून वाजवून पाहिल्याशिवाय मी सहसा घेत नाही.

फोनवर गाणं ऐकायला मिळतं हे खरंच आहे. पण ते तिथवर पोचलं, कारण कुणीतरी अमेरिकेतल्या गोदामातल्या ढिगातून ही तबकडी उपसून काढली. काही गाण्यांच्या मूळ टेप आज कुठेच नाहीत. अशा वेळी चांगल्या अवस्थेतली प्रत हाच काय तो पुरावा उरतो, आणि ती सांभाळायची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. जुनी रेकॉर्ड कितीही महाग विकली गेली, तरी तिच्या गायकाला त्यातला एक पैसाही मिळत नाही. म्हणून लंडनची एस रेकॉर्ड्स ही कंपनी 1982 पासून केंट या नावाने रीतसर हक्क घेऊन हे संगीत पुन्हा काढते, ते संग्रहही मी विकत घेतो. तुम्हाला ऐकायची इच्छा असेल, तर सुरुवात तिथूनच करा.