वळचणीची माळ आणि ०.६७ व्होल्ट

नाताळसाठी घराला गाण्याच्या तालावर नाचणारे दिवे लावतो आहे; त्यातली वळचणीखालची शंभर पिक्सेलांची, म्हणजे प्रत्येकी वेगळा रंग दाखवू शकणाऱ्या दिव्यांची, माळ काल रात्री गाण्याच्या पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकदाही न बरळता चालली, म्हणून ही नोंद. वायरिंग संपले असून आता केवळ सिक्वेन्सिंग, म्हणजे गाण्यात कुठला दिवा कधी पेटेल हे ठरवणे, उरले आहे, असे मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. ते विधान मागे घेतो, कारण त्यानंतरचे आठ दिवस या एकाच माळेने खाल्ले.

वसईतल्या आमच्या घराची मांडणी पूर्वी सांगितली तीच आहे. वळचणीला शंभर, दोन खिडक्यांना पन्नास-पन्नास, ताऱ्याला दीडशे आणि गोठ्याला (येशूजन्माच्या देखाव्याला) पन्नास असे एकूण चारशे पिक्सेल आहेत, सगळे डब्ल्यूएस२८११ चिपचे, बुलेट आकाराचे आणि बारा व्होल्टवर चालणारे. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक पिक्सेल सुमारे ५५ मिलीअँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून २२ अँपिअर आणि २६४ वॅट होतात. त्यामुळे मीन वेल कंपनीचा ३५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेसा ठरतो आणि तापतही नाही. पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवू नयेत या मतावर मी ठाम आहे. गाणे आणि सिक्वेन्स रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा एफपीपी हा प्रोग्राम वाजवतो, तर पिक्सेल ईएसपी३२ या वाय-फाय कंट्रोलरवरील डब्ल्यूएलईडी हा प्रोग्राम हाकतो.

बिघाड असा होता की दुपारी माळ गुणी बाळासारखी चालायची आणि रात्री आठनंतर, विशेषतः ध्रुपदाला सगळे दिवे पांढरे झाले की, मधूनच हिरवे-जांभळे ठिपके उसळायचे आणि पुढची सगळी माळ वेड्यासारखी लुकलुकायची. खिडक्या मात्र त्याच वेळी शांत असायच्या. डिसेंबरात आमच्याकडे संध्याकाळनंतर दव पडते आणि समुद्राची खारी हवा असतेच, त्यामुळे पहिला संशय ओलाव्यावर गेला. दोन संध्याकाळी शिडीवर उभे राहून मी प्रत्येक जोड उघडला, पुसला आणि सिलिकॉनने बंद केला. सिलिकॉनची अख्खी नळी संपली, हाताला चार दिवस व्हिनेगरचा वास येत राहिला आणि माळ पूर्वीसारखीच बरळत राहिली.

दुसरा संशय वाय-फायवर होता. दिव्यांचा डेटा नेटवर्कवर सगळ्यांना एकदम पाठवणारे ई१.३१ चे मल्टिकास्ट सोडून मी सगळे डीडीपीवर, म्हणजे थेट त्या-त्या कंट्रोलरलाच डेटा पाठवणाऱ्या पद्धतीवर, नेले. मूळ रोग त्याने गेला नाही, परंतु खिडक्यांमध्ये कधीतरी जाणवणारी बारीक अडखळ पूर्ण थांबली, त्यामुळे तो फेरा वाया गेला असे म्हणणार नाही. वायरलेसवर ज्यांचे अजून मल्टिकास्ट चालू आहे त्यांनी हा बदल अवश्य करावा. पॉवरला मी सुरुवातीलाच निर्दोष सोडले होते, कारण पांढरा रंग पांढराच दिसत होता. व्होल्टेज कमी पडल्यावर होते तसा तो लालसर पडत नव्हता आणि दिवे मंदही होत नव्हते. ती माझी खरी चूक.

तिसऱ्या प्रयत्नाने तर आगीत तेल ओतले. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पिक्सेलसाठी जरा कमीच असतो, म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तो पाच व्होल्टवर नेणारा, चार वाटांचा छोटा लाल लेव्हल कन्व्हर्टर मागवला. तो बसवताच दुपारीसुद्धा एकही रंग धड येईना. या पाटीवरचा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) सिग्नल खाली खेचायला चपळ असतो, पण वर नेण्याचे काम १० किलोओहमच्या पुल-अप रोधकावर सोडतो. आपल्या डेटाचा एक बिट जेमतेम सव्वा मायक्रोसेकंदाचा. पाच मीटर वायर भरून काढायलाच त्या पुल-अपला त्याहून अधिक वेळ लागतो. सेन्सरसाठी ती पाटी उत्तम असेल, पण ती पिक्सेलसाठी चालते असे विकणाऱ्याने वर्णनात छापू नये.

या फजितीतून एक गोष्ट मात्र कळली, ती ही की दुखणे डेटाच्या पातळीचे आहे. मग दुपार आणि रात्र यांत दवाखेरीज वेगळे काय, याचा शांतपणे विचार केला. दुपारी शिडीवर डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून मी ब्राइटनेस ३० टक्क्यांवर ठेवत होतो आणि रात्री तालमीसाठी तो १०० टक्के करत होतो. भर दुपारी १०० टक्के केला, आणि माळ लगेच बरळली. कोरड्या ठणठणीत उन्हात ते हिरवे-जांभळे ठिपके पाहून मला झालेला आनंद घरच्यांना समजावून सांगणे अवघड होते.

मल्टिमीटरच्या काळ्या प्रोबला लांब वायर जोडून ती कंट्रोलरच्या ग्राउंडवर (वीज परत नेणाऱ्या, शून्य व्होल्टच्या वायरीवर) लावली, लाल प्रोब पहिल्या पिक्सेलच्या ग्राउंडवर टेकवली आणि मीटर पुतण्याच्या हातात दिला. दोन्ही टोके एकाच ग्राउंडची, तेव्हा आकडा शून्याजवळ असायला हवा. मी वरून फोनवर पांढरा रंग लावला आणि खालून आवाज आला, "काका, पॉइंट सहा सात!" ब्राइटनेस ३० टक्के केल्यावर तोच आकडा ०.२ वर उतरला.

हिशेब कागदावर आधीच करता आला असता. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०२४५ ओहम असतो, पाच मीटरला ०.१२, त्यातून शंभर पिक्सेलांचे साडेपाच अँपिअर परत आले की ०.६७ व्होल्ट पडणारच. पहिल्या पिक्सेलचे ग्राउंड तेवढे वर उचलले गेल्यामुळे ३.३ व्होल्टचा डेटा त्याला २.६ च दिसत होता, आणि चिपला खरे तर साडेतीन हवे असतात. पहिल्यानेच चुकीचे ऐकले की तो तेच शुद्ध स्वरूपात पुढच्या नव्व्याण्णवांना कळवतो. खिडक्यांची वायर दीड मीटरची आणि दिवे निम्मे, म्हणून त्या वाचल्या होत्या.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ७४एचसीटी१२५, म्हणजे डेटा पाच व्होल्टवर नेणारी चपळ चिप, घ्यायला जाण्यासाठी रविवारपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून जुन्या माळेतला एक पिक्सेल कापून कंट्रोलरच्या डब्यातच बसवला आणि एक्सलाइट्स या सिक्वेन्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला नल पिक्सेल, म्हणजे स्वतः न पेटता डेटा पुढे देणारा, म्हणून नोंदवले. तो डेटा पाच व्होल्टचा करून पुढे पाठवतो, त्यातून ०.६७ गेले तरी ४.३ उरतात. काल रात्रीचे यश त्या एका न पेटणाऱ्या दिव्याचे आहे. ग्राउंड आणि बारा व्होल्टसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणली आहे, ती उद्या ओढेन.

आवाजाची बाजू त्या मानाने सरळ गेली. अमेरिकेतील हौशी मंडळी छोटा एफएम ट्रान्समीटर लावतात आणि लोक गाडीत बसून ऐकतात; आपल्याकडे परवान्याशिवाय ते करता येत नाही आणि आमच्या गल्लीत लोक पायीच येतात, म्हणून स्पीकर. रास्पबेरी पायच्या हेडफोन जॅकची खरखर यूएसबी साउंड कार्डने गेली. ब्लूटूथचा विलंब तालाला मारक असल्याने स्पीकर वायरनेच जोडला आहे, आणि रात्री दहाला सगळे आपोआप बंद होईल असे वेळापत्रक एफपीपीत घातले आहे. गाणे गावातल्या गायनवृंदाचे आहे. त्यांची ढोलकी ध्रुपदाला हळूच पुढे पळते, त्यामुळे ठोक्यांच्या खुणा आपोआप नीट बसल्या नाहीत आणि मला त्या हाताने टिपाव्या लागल्या.

२००४ साली ओहायोतील मेसन येथे कार्सन विल्यम्स यांनी नाताळात घरावरचे १६,००० दिवे गाण्याच्या तालावर ८८ चॅनलांवर (वेगवेगळ्या नियंत्रित वाटांवर) नाचवले होते. माझ्या चारशे पिक्सेलांनाच, लाल-हिरवा-निळा असे प्रत्येकी तीन धरून, १,२०० चॅनल लागतात, तरी कंट्रोलर शर्टाच्या खिशात मावतो.

आता गोठ्याचा बेत बदलतो आहे. तो बावखलाजवळ (आमच्याकडच्या छोट्या तळ्याजवळ), या डब्यापासून चौदा मीटरवर असल्याने जाड वायर आणि पुन्हा नल पिक्सेल असे ठरवले होते. पण हे लिहिताना वाटते आहे की तिथे वेगळा छोटा सप्लाय आणि दुसरा ईएसपी३२ ठेवावा, म्हणजे ग्राउंड चौदा मीटर न्यावेच लागणार नाही. वाय-फाय तिथवर पोहोचते का, एवढेच आज जेवणानंतर फोन घेऊन पाहायचे आहे. पोहोचत असेल तर दिवाणखान्यात पसरलेला तारा उद्याच वर चढेल, कारण त्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात जायचा आईला आता कंटाळा आला आहे.