नानाच्या होडीचा पंखा

मुक्ताईनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर सबमर्सिबल पंप, फुटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) आणि जळक्या तांब्याचा वास. होडीशी माझा संबंध एवढाच, की चुलत भाऊ, म्हणजे आमचा नाना, हतनूर धरणाच्या फुगवट्यात मासे धरतो आणि अधूनमधून एखादा कटला घरी आणून देतो.

गेल्या उन्हाळ्यात नाना दुकानात येऊन बसला. चहा झाला तरी बोलेना. मग म्हणाला, "बापू, मोटर म्हतारी झाली रे भो. पान्यात जीवच नाही राह्यला तिले."

मोटर म्हणजे होडीमागं टांगलेली पंधरा एचपीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. सेकंडहँड घेतलेली. एका मेकॅनिकनं पिस्टन-रिंगा बदलून दिल्या होत्या, पैसे घेतले होते, फरक शून्य. मी सिलिंडरातला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावून पाहिलं तर दोन्ही सिलिंडर सारखे आणि चांगले. मोटर म्हातारी नव्हतीच. मग दम जातो कुठं?

दुसऱ्या दिवशी पहाटे चांगदेवला गेलो. तापी आणि पूर्णा जिथं मिळतात तिथं, देवळाच्या खालच्या अंगाला, होड्या लागतात. महाशिवरात्रीच्या यात्रेत इथं पाय ठेवायला जागा नसते; त्या दिवशी आम्ही दोघं आणि चार बगळे. परत येताना जाळी, बर्फ आणि मासे मिळून दीडेकशे किलो माल होता, वर आम्ही दोघं. नानानं थ्रॉटल पूर्ण पिळला. नाक वर, शेपूट खाली, आणि मागून पाण्याचा फवारा थेट माझ्या पाठीवर. मोबाईलच्या जीपीएसवर ताशी सतरा किलोमीटर.

मिनिटाला किती फेरे होतात ते मोजायचा टॅकोमीटर मी घेऊनच गेलो होतो. दोनचाकीला आणि गवत कापायच्या मशीनला लावतात तो स्वस्तातला, ज्याची वायर प्लगच्या वायरीवर चार-पाच वेढे गुंडाळायची. आकडा चार हजारावर अडकलेला. पुस्तकात फुल थ्रॉटलला साडेचार ते साडेपाच हजार लिहिलंय. पंधरा एचपी मिळतात त्या फेऱ्यांवर. नानाची मोटर तिथपर्यंत पोचतच नव्हती, तर ताकद कुठून येणार?

होडी काठावर ओढली. तळाला सरळ ॲल्युमिनियमची पट्टी धरली आणि ती मागं मोटरच्या पायापर्यंत नेली. पाण्यात फिरून होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या बरोबर वर जी आडवी प्लेट असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली असावी. इथं ती साडेतीन इंच खाली निघाली. कारण साधं होतं. मोटर लाँग शाफ्टची, म्हणजे वीस इंची, आणि होडीची मागची फळी सतरा इंचांची. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, घेणाऱ्यानं मोजलं नाही. तेवढा जास्तीचा पाय नाना रोज पाण्यातून ओढत होता. शिवाय हतनूरला गाळ किती साचलाय ते इथल्या पोरालाही ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पंखा गाळात घुसायचा, आणि मोटर थंड करणारं पाणी आत घ्यायची जाळी चिखलानं भरायची.

मग मोटर उचलायचा उद्योग. पहिल्यांदा फळीवर अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या बाभळीच्या पट्ट्या ठेवून पाहिल्या. इंचभर उचलेपर्यंत ठीक. पुढं क्लॅम्पचे स्क्रू फळीच्या वरच्या काठाशी येतात, आणि तशी मोटर पळवणं म्हणजे ती तापीला अर्पण करणं. म्हणून फळीवर सागाचा तुकडा चढवला आणि आतून-बाहेरून प्लायचे जाड तुकडे लावून आरपार बोल्ट मारले. मोटरला साखळी वेगळी बांधली. एकूण साडेतीन इंच उचल.

ती जास्त झाली. सरळ जाताना मजा आली, पण वळण घेताच मोटर एकदम किंचाळली आणि होडी जागच्या जागी ढिली पडली. पंख्यानं वरून हवा ओढली होती. आमच्या धंद्यात विहिरीचं पाणी उतरून फुटव्हॉल्व्ह उघडा पडला की पंप असाच बोंबलतो. सगळे याला कॅव्हिटेशन म्हणतात, प्लेटलाही अँटी-कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. मला ते खटकतं. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा येतच नाही. दाब फार पडला की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे होतात, ते फुटतात आणि इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाला, वाळवी लागल्यासारखे खड्डे पाडतात. असे इम्पेलर माझ्याकडं डबाभर पडलेत. इथलं दुखणं वेगळं, हवा गिळण्याचं.

त्याहून वाईट म्हणजे, मागं जी बारीक धार पडते ना, थंड करून बाहेर येणाऱ्या पाण्याची, ती तुटक झाली. नाना हसत होता, मी लाल दोरी ओढून मोटर बंद केली. पाणी घ्यायची भोकं वर आली की आतला रबरी इम्पेलर कोरडा फिरतो आणि मिनिटांत जळतो. एक इंच खाली घेतली. आता प्लेट तळाच्या इंचभर खाली. वळणावर आवाज नाही, धार भरभक्कम, फवारा गेला. तोच माल, आकडा त्रेचाळीसशे, वेग वीस.

तरी साडेचार हजार नाहीतच. म्हणजे आता पंखा.

पंख्याच्या बुडख्यावर आकडे ठोकलेले असतात, आधी व्यास, मग पिच. नानाच्या पंख्याचा पिच दहा. पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि पंखा स्क्रूसारखा त्यात शिरला असता, तर एका फेऱ्यात दहा इंच पुढं. पाणी निसटतं, म्हणून प्रत्यक्षात बरंच कमी. माझा हिशेब असा: त्रेचाळीसशे फेरे, गिअरमध्ये दोन पूर्णांक शून्य आठनं कमी होऊन पंख्याला दोन हजार सदुसष्ट, गुणिले दहा इंच, ताशी साडेएकतीस किलोमीटर व्हायला हवे. मिळाले वीस. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निसटलं.

नानाला मी एवढंच सांगितलं, "केळीनं भरलेली ट्रक चढावर टॉप गिअरात चालवतोयस तू."

एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. मला नऊचा हवा होता, मिळाला आठचा. बदलायला दहा मिनिटं: पक्कडनं नट अडवणारी कॉटर पिन सरळ करून काढायची, नट सोडायचा, पंखा ओढायचा, शाफ्टच्या दातऱ्यांना ग्रीस लावायचं, वॉशर ज्या बाजूनं होता त्याच बाजूनं. पिन नवीन घालायची. जुनी वाकडी पिन नाना परत घालायला निघाला होता, हातावर मारली.

भरल्या होडीला अठ्ठेचाळीसशे फेरे, वेग साडेएकवीस. वाढ दीडच किलोमीटरची, पण नाक लगेच खाली बसतं आणि मोटर गुदमरत नाही. रिकामी जाताना मात्र हाच पंखा छप्पन्नशेवर जातो, ते मर्यादेबाहेर. सकाळी जाताना थ्रॉटल थोडा सोडून चालव, असं नानाला बजावलंय. ऐकतो की नाही माहीत नाही. लांबून आवाजावरून तरी ऐकत नसावा.

दहाचा पंखा त्याच्या ओसरीत खुंटीला टांगलाय, वहिनी त्यावर टॉवेल वाळत घालतात. सागाचा तुकडा पाणी पिऊन फुगायला लागलाय, बोल्टच्या भोकांना मी डांबर लावायचं विसरलो. धरणाचे एक्केचाळीस दरवाजे उघडायला लागले आणि होडी वर ओढली, की तिथं ॲल्युमिनियमची प्लेट लावायची आहे.